फिंच पक्ष्यांचे ताजे खाद्य आणि विष्ठेवरून आरोग्याची पारख

गेल्या काही वर्षांत शेतावरच्या घरांतून कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी झेब्रा फिंच किंवा बंगाली फिंच यांचा एखादा पिंजरा टांगलेला दिसतो. कोणी मुलांच्या हौसेसाठी पाळतो, तर कोणी चार-सहा जोड्या ठेवून पिल्ले विकतो. पक्षी लहान, आवाज गोड, जागा थोडी लागते आणि खाद्य घरच्या कणगीतले. त्यामुळे हे काम सोपे वाटते. परंतु कोंबडीच्या अनुभवावर फिंच सांभाळायला गेले की फसगत होते. झेब्रा फिंचचे वजन भरते अवघे १२ ते १५ ग्रॅम. तो दिवसाला ३ ते ५ ग्रॅम दाणे खातो, म्हणजे आपल्या वजनाच्या साधारण पाव ते एक तृतीयांश हिश्शाइतके. या पक्ष्याच्या अंगात साठा असा नसतोच. कोंबडीने दोन दिवस दाणा सोडला तर औषधपाण्याला वेळ मिळतो, फिंचने एक दिवस सोडला तर दुसऱ्या सकाळी तो पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला आढळतो. म्हणून त्याचे पोट रोजच्या रोज पाहावे लागते. ते पाहण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याची विष्ठा.

आधी कायद्याची एक गोष्ट. आपल्या रानात आढळणाऱ्या लाल मुनिया, ठिपकेवाली मुनिया इत्यादी जाती वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये पकडता, विकता किंवा पाळता येत नाहीत. झेब्रा फिंच मूळचा ऑस्ट्रेलियाचा असून तो पिंजऱ्यात पिढ्यान् पिढ्या वाढलेला आहे. बंगाली फिंच नावाने बंगाली असला तरी तो जपानमध्ये माणसाळवलेला पक्षी आहे. जावा चिमणीसारख्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या यादीतील पक्ष्यांची मात्र २०२२ ची कायदादुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार नोंदणी करावी लागते. पक्षी विकत घेण्यापूर्वी याची खात्री करून घ्यावी.

कोरडा दाणा का पुरत नाही

राळा, बाजरी, वरई आणि नाचणी हे फिंचचे मुख्य अन्न होय आणि ते बारा महिने पिंजऱ्यात असलेच पाहिजे. परंतु नुसत्या कोरड्या दाण्यात जीवनसत्त्व ‘अ’ जवळजवळ नसते, चुना कमी असतो आणि प्रथिनेही अपुरी पडतात. पक्षी जगतो, गातोसुद्धा. मात्र मादी अंड्यावर आली की अंडे अडकते, पिल्ले घरट्यात मरतात, पिसे गळून नवी नीट येत नाहीत.

झेब्रा फिंच ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखात राहतो. तेथे पाऊस पडला आणि गवताला ओंब्या आल्या की तो घरटे बांधतो आणि पिल्लांना मुख्यतः अर्धवट पिकलेले दाणे भरवतो. आपण ज्याला हुरडा म्हणतो त्या अवस्थेतला दाणा त्याच्या पिल्लांचे अन्न आहे. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर ताज्या खाद्याचे पुढचे सारे समजायला सोपे जाते. शहरातला हौशी माणूस त्यासाठी दुकाने पालथी घालतो, तुमच्या तर बांधावरच ते आहे.

हुरड्यातली कणसे

खरिपात राळ्याच्या दोन-तीन ओळी पक्ष्यांसाठी म्हणून वेगळ्या पेराव्यात. कणीस निसवल्यावर दाणा नखाने दाबावा. पांढरे दूध आले की कणीस तोडून पिंजऱ्याच्या तारेला उलटे टांगावे. एका जोडीला दिवसाआड बोटभर लांबीचा तुकडा पुरतो. पिल्ले असतील तर रोज द्यावा. दाणा घट्ट होऊ लागला की पक्ष्यांचा ओढा कमी होतो, म्हणून कणसे एकदम न तोडता लागतील तशी तोडावीत. जास्त झालेली कणसे पिशवीत घालून शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवता येतात. बाहेर काढून पाणी सुटल्यावर त्याच दिवशी संपवावीत. बाजरीचे कोवळे कणीसही चालते. आयुष्यभर गोफण घेऊन कणसांवरून पाखरे हाकलणाऱ्याने पाखरांसाठी कणीस तोडून आणायचे, हे सुरुवातीला जरा विचित्र वाटेल खरे!

बाजरीच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. फुलोऱ्याच्या वेळी ढगाळ व दमट हवा असेल तर कणसावर अरगट रोग येतो. आधी मधासारखा चिकट स्राव दिसतो आणि नंतर दाण्याच्या जागी काळपट कठीण गाठी तयार होतात. या गाठी विषारी आहेत. मिठाच्या पाण्यात बुडवून त्या वेगळ्या करण्याची जी पद्धत आपण वापरतो ती पेरणीच्या बियाण्यासाठी आहे. अशा शेतातली बाजरी, कोवळी असो वा वाळलेली, पक्ष्याला घालू नये.

मोड आलेले दाणे

पावसाळा सरल्यावर कणसे मिळत नाहीत, तेव्हा मोड आलेले दाणे हाच उत्तम पर्याय. नाचणीचे सत्त्व करताना घरातील बायका ज्या रीतीने मोड आणतात तीच रीत येथे वापरावी. राळा, बाजरी किंवा नाचणी दोन-तीन वेळा धुऊन ८ ते १२ तास भिजत घालावी. नंतर पाणी पूर्ण निथळून दाणे ओल्या फडक्यात सैल बांधून ठेवावेत आणि दिवसातून तीन वेळा स्वच्छ पाण्याने खळबळून घ्यावेत. पांढरे टोक जेमतेम दिसू लागले की दाणे तयार झाले असे समजावे. हिवाळ्यात त्याला दीड-दोन दिवस लागतात, उन्हाळ्यात एक दिवसही पुरतो. लांब मोडांची गरज नाही. देण्यापूर्वी पुन्हा धुवावे, निथळावे आणि नाकाशी धरावे. ताज्या मोडांना मातीसारखा, गोडसर वास येतो. आंबूस वास आला, दाणे बुळबुळीत लागले किंवा पांढरे तंतू दिसले तर सगळे दाणे उकिरड्यावर टाकावेत. धुतल्याने ते पुन्हा चांगले होत नाहीत. एका जोडीला चहाचा एक चमचा भरून दाणे पुरतात.

वाण्याकडची भगर मोडांसाठी घेऊ नये. ती सडलेली, म्हणजे टरफल काढलेली असते आणि तिला मोड येत नाहीत. ती भिजवली की नुसती आंबते. टरफलासह वरई मिळाली तरच भिजवावी. ज्वारीला मात्र मोड आणू नयेत. कोवळी ज्वारी खाऊन जनावराला किरळ लागते हे तुम्हाला ठाऊकच आहे. तेच विष ज्वारीच्या कोंबात भरपूर असते.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्याच्या दिवसांत मोडांना फार लवकर बुरशी धरते. तेथे जून ते सप्टेंबर मोडांचा नाद सोडून हिरवा पाला आणि अंडे यांवर भागवलेले बरे, असे आमचे मत आहे.

हिरवा पाला, भाज्या आणि अंडे

कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा कोवळा पाला, लसूणघास आणि माठ यांपैकी जे असेल ते द्यावे. यात शेवगा सर्वांत चांगला, कारण त्यात चुना आणि जीवनसत्त्व ‘अ’ दोन्ही आहेत. पालक आठवड्यातून एखादे वेळी द्यावा. त्यातील ऑक्झॅलिक आम्लामुळे चुना अंगी लागत नाही. गाजर किसून द्यावे. काकडी उन्हाळ्यात आवडीने खातात, पण ती म्हणजे जवळजवळ पाणीच, तिचा पोषणाला फारसा उपयोग नाही. कोवळ्या मक्याचे कणीस उभे चिरून टांगले तर पक्षी दाण्यातला गर ओढून खातात. कांदा, लसूण, ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा आणि खारवलेले कोणतेही पदार्थ पिंजऱ्यात जाता कामा नयेत. मुलांना हे विशेष सांगावे, कारण बिस्किटे आणि फरसाण तेच टाकतात.

गाजराचा पाला द्यायचा असेल तर तो आपल्याच वाफ्यातला द्यावा. बांधावरून ओंजळभर पाला उपटून आणला की त्यात कोवळे गाजरगवत हमखास येते. दोघांची पाने लहानपणी इतकी सारखी दिसतात की घाईत फरक कळत नाही.

पिल्ले असलेल्या जोडीला उकडलेले अंडे द्यावे. अंडे दहा मिनिटे चांगले उकडून, कवचासह बारीक कुस्करून, अर्धा ते एक चमचा घालावे. कवचामुळे चुनाही मिळतो. शिवाय समुद्रफेसाचा एक तुकडा पिंजऱ्यात कायम अडकवून ठेवावा. अंडे उन्हाळ्यात दोन तासांच्या आत काढून घ्यावे. सकाळी घातलेले अंडे दुपारी पक्ष्याने खाल्ले की संध्याकाळपर्यंत हगवण लागू शकते.

ताजे खाद्य सकाळी द्यावे आणि दुपारपूर्वी उरलेले उचलावे. ते कोरड्या दाण्याच्या जोडीला द्यायचे आहे, त्याऐवजी नव्हे. नवा पदार्थ पाहून फिंच बिचकतात. आठवडाभर त्याच्याकडे फिरकतही नाहीत. ‘दाणे काढून घेतले की झक मारून पाला खातील’ असा सल्ला काही जण देतात, तो मुळीच ऐकू नये. पाला ओला करून तारेला लावावा, रोज थोडा ठेवावा आणि वाट पाहावी. एकाने चोच लावली की बाकीचे येतात. एका वेळी एकच नवा पदार्थ सुरू करावा, म्हणजे पोट बिघडले तर कशाने बिघडले ते कळते.

जाता जाता कोरड्या दाण्याबद्दल एक सांगतो. फिंच दाणा सोलून खातात आणि फोलपट तिथेच टाकतात. वाटी भरलेली दिसते, पण आत निव्वळ कोंडा असतो. भरल्या वाटीसमोर पक्षी उपाशी मेल्याची उदाहरणे पक्षी पाळणाऱ्यांत सर्रास ऐकू येतात. रोज सकाळी वाटीवर फुंकर मारावी किंवा दाणे सुपात पाखडून घ्यावेत.

विषबाधेचा धोका शेतकऱ्याच्या घरीच जास्त

शहरातल्या पक्ष्यापेक्षा शेतावरच्या पक्ष्याला एक धोका अधिक आहे. पेरणी झाल्यावर संकरित बाजरीच्या किंवा मक्याच्या पिशवीत मूठ-दोन मुठी बियाणे उरते. ‘वाया कशाला घालवायचे’ म्हणून ते पिंजऱ्यात जाते. हे बियाणे थायरम, मेटॅलॅक्झिल, इमिडाक्लोप्रिड अशा औषधांनी प्रक्रिया केलेले असते आणि ते ओळखू यावे म्हणून त्याला लाल, गुलाबी किंवा निळा रंग दिलेला असतो. बारा ग्रॅमच्या पक्ष्याला असे थोडे दाणेही घातक ठरू शकतात. धुतल्याने रंग उतरतो, पण त्यावरून औषध गेले असे समजू नये. उरलेले बियाणे घरात उघडे ठेवू नये आणि पक्ष्यांचा दाणा ठेवण्यासाठी बियाण्याची रिकामी पिशवी वापरू नये.

पाल्याचेही तसेच. आंतरप्रवाही कीटकनाशक पानाच्या आत शिरलेले असते, नळाखाली धरून ते निघत नाही. फवारलेल्या भाजीला काढणीपूर्वी जो काळ थांबावे लागते तो माणसाच्या हिशोबाने ठरवलेला आहे, पक्ष्याच्या नव्हे. शेजाऱ्याच्या शेतात फवारणी झाली असेल तर वाऱ्याच्या दिशेचा पालाही तोडू नये. यावर उपाय अगदी स्वस्त आहे. जुन्या फळांच्या खोक्यात किंवा फुटक्या घमेल्यात माती व शेणखत भरून परसात मेथी, धने आणि राळा दाट पेरावा. मेथी दोन-तीन आठवड्यांत खुडायला येते. दर दहा दिवसांनी एक खोके पेरले तर पाला तुटत नाही. त्या खोक्यावर कसलीही फवारणी होणार नाही एवढे घरातल्या सर्वांना बजावून ठेवावे.

विष्ठा कशी पाहावी

पिंजऱ्याच्या तळाशी वाळू किंवा भुसा न टाकता साधा पांढरा कागद घालावा आणि तो रोज सकाळी बदलावा. बदलताना दोन मिनिटे उजेडात धरून पाहावा. आजारी पक्षी ओळखण्याचा याहून चांगला उपाय घरी नाही, कारण फिंच आजार लपवतो. कळपात दुबळा दिसला की टोचा खावा लागतो, म्हणून तो दांडीवर ताठ बसून दाणे टिपल्याचे सोंगही करतो. कागद मात्र खोटे बोलत नाही.

पक्ष्याची लघवी आणि विष्ठा एकत्रच बाहेर पडते. नीट पाहिल्यास तिचे तीन भाग दिसतात. मधली काळपट, तपकिरी किंवा हिरवट वळकटी ही खरी विष्ठा. तिच्यावरची पांढरी टोपी म्हणजे मूत्रपिंडातून आलेले युरिक आम्ल. भोवतालचा पातळ ओलावा ही लघवी. निरोगी फिंचमध्ये वळकटी घट्ट, टोपी शुभ्र आणि ओलावा नाममात्र असतो. थोड्या वेळात ती वाळते आणि कागदावरून टिचकीने उडते.

आता नेहमीचा घोटाळा पाहा. काकडी किंवा पाला खाल्ल्यावर ओलावा वाढतो आणि पाळणारा घाबरून ‘हगवण लागली’ म्हणतो. वळकटीचा आकार शाबूत असेल आणि भोवती फक्त पाण्याचे वर्तुळ असेल तर ती हगवण नव्हे, जास्तीचे पाणी बाहेर पडते आहे एवढेच. पाला बंद केल्यावर काही तासांत ते थांबते. एक दिवस नुसत्या कोरड्या दाण्यावर ठेवूनही पाण्याचे वर्तुळ राहिले, तर मात्र मूत्रपिंडाचा किंवा अन्य विकार असू शकतो. खरी हगवण म्हणजे वळकटीच मोडते, तीन भाग एकमेकांत मिसळतात आणि शेपटीखालची पिसे लडबडतात. बीट किंवा गाजर दिले असेल तर विष्ठा लालसर वा नारिंगी होणारच. अंड्यावर आलेल्या मादीची विष्ठा मोठी व ओलसर असते, आणि घरट्यात बसलेला पक्षी बराच वेळ रोखून धरून एकदम मोठी विष्ठा टाकतो. या सगळ्या निरोगी गोष्टी आहेत.

धोक्याच्या खुणा निराळ्या. गडद हिरवी, थोडी आणि चिकट विष्ठा म्हणजे पोटात अन्न नाही, नुसते पित्त उतरते आहे. अशा वेळी प्रथम वाटीतले फोलपट तपासावे. पांढरी टोपी पिवळी किंवा हिरवी झाली तर यकृताचा संशय घ्यावा. डांबरासारखी काळी विष्ठा म्हणजे आतड्याच्या वरच्या भागात रक्तस्राव. विष्ठेत अख्खे किंवा अर्धवट दाणे दिसणे ही सर्वांत दुर्लक्षित खूण. फिंच दाणा सोलून गिळतो आणि त्याचे गिझार्ड, म्हणजे दळणारे पोट, त्याचे पीठ करते. तेथून दाणा जसाच्या तसा बाहेर आला तर पोटाचे काम बिघडले आहे. अशा पक्ष्याचे खाणे वाढते, तो दिवसभर वाटीवरच असतो आणि तरीही खंगत जातो. ‘खातो चांगला’ म्हणून मालक निश्चिंत राहतो.

याचे एक कारण मॅक्रोऱ्हॅब्डस नावाची यीस्ट, जिला पूर्वी चुकून मेगाबॅक्टेरिया म्हणत. ही यीस्ट असल्याने जिवाणूनाशक औषधांचा तिच्यावर परिणाम होत नाही. दुसरे कारण कॉक्लोसोमा हा एकपेशीय परजीवी. बंगाली फिंच तो स्वतः आजारी न पडता आतड्यात बाळगतो, आणि त्याच्याकडे दाई म्हणून दिलेली गोल्डियन फिंचची पिल्ले मात्र खंगून मरतात. बंगाली जोडीखाली महागडी पिल्ले वाढवणाऱ्यांनी तिच्या विष्ठेची आधी तपासणी करून घ्यावी. याशिवाय फिंचला रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिसही होतो. मात्र त्याचे जंतू कोंबडीच्या जंतूंहून वेगळे असतात.

वजन आणि पिल्लांची पोटे

सोनाराकडे असतो तसा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन आठवड्यातून एकदा, सकाळी दाणा घालण्यापूर्वी, पक्षी हलक्या कापडी पिशवीत घालून तोलावा. १४ ग्रॅमचा पक्षी साडेबारावर आला तर ती दहा टक्क्यांहून अधिक घट आहे. दीड ग्रॅम हातात धरून जाणवत नाही, काट्यावर कळते. काटा नसेल तर छातीवरून बोट फिरवावे. मधले हाड सुरीच्या धारेसारखे लागले तर पक्षी खंगला आहे.

पिल्लांची परीक्षा आणखी सोपी. अंडी बारा ते चौदा दिवसांत फुटतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांची कातडी इतकी पातळ असते की मानेच्या बाजूंना खाद्यपिशवीत भरलेले दाणे दिसतात. सायंकाळी ही पिशवी फुगलेली असावी. सकाळी ती रिकामी होते. सायंकाळी रिकामी असेल तर आई-बाप भरवत नाहीत किंवा मऊ खाद्य कमी पडते आहे. सकाळीही कालची तशीच भरलेली व आंबूस वासाची असेल तर पचन थांबले आहे आणि वेळ न दवडता पशुवैद्याकडे गेले पाहिजे.

बिघाड दिसल्यावर

पिसे फुलवून, डोळे मिटून बसलेला पक्षी प्रथम वेगळा करावा. लहान पिंजऱ्याच्या एका टोकाला बाहेरून ४० वॅटचा तारेचा दिवा लावून त्या बाजूला सुमारे ३० अंश सेल्सिअस ऊब ठेवावी. दुसरे टोक गार राहू द्यावे, म्हणजे पक्षी आपणहून जागा निवडेल. अंडे, मोड आणि पाला बंद करावा. कोरडा राळा आणि उकळून गार केलेले पाणी दांडीच्या अगदी जवळ ठेवावे. या लहान जिवाला औषधाइतकीच उबेची गरज असते.

कोंबड्यांच्या शेडमधली प्रतिजैविकाची पुडी पाण्यात टाकण्याचा मोह आवरावा. तिची मात्रा कोंबडीच्या हिशोबाची असते. शिवाय उपयोगी जिवाणू मेले की आतड्यात बुरशी माजते. मेट्रोनिडॅझोलची फिंचना विषबाधा झाल्याच्याही नोंदी आहेत. दुसऱ्या पक्षी पाळणाऱ्याने सांगितले म्हणून ते देऊ नये.

जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात, किंवा परळ (मुंबई), शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर यांपैकी जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पक्षी दाखवावा. सोबत विष्ठेचा नमुना न्यावा. तो कागदावर वाळलेला नको. रात्री पिंजऱ्यात स्वच्छ प्लॅस्टिक अंथरावे, सकाळची पहिली ओली विष्ठा झाकणाच्या डबीत घ्यावी आणि शक्य तर दोन तासांच्या आत पोचवावी. कॉक्लोसोमासारखे परजीवी नमुना गार होऊन वाळला की मरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काहीच सापडत नाही. डबीवर तारीख, पक्ष्याचे वजन आणि गेल्या तीन दिवसांत दिलेले सर्व खाद्य लिहावे. दाणा नवीन पोत्यातला असेल तर त्याचा मूठभर नमुनाही कागदात बांधून न्यावा.